अभ्रकाची पोथी

देवळाच्या परिसरात वाढलेल्या माणसाला अभ्रक परके नाही. चतुर्थीच्या मखराला चिकटविलेले चकचकीत पापुद्रे, गुलालात मिसळलेली ती सूक्ष्म चमक आणि वडीलधाऱ्यांच्या फडताळात मधाच्या बाटलीशेजारी जपून ठेवलेली अभ्रकभस्माची पुडी, या तीन रूपांनी ते आपल्या घरात आलेले असते. अभ्र म्हणजे मेघ. मेघासारखे दिसणारे ते अभ्रक. एवढी व्युत्पत्ती सांगितली की आपले समाधान होते. ते येते कोठून, कोणत्या खडकाच्या पोटातून, कोणाच्या हातांनी, हे विचारण्याचा प्रसंग सहसा येत नाही. मजवर तो आला आणि आला तोही एका वाटणीच्या दाव्याच्या निमित्ताने. त्या निमित्ताने जे पाहिले, जे शिकलो आणि जे अजून मनात घोळत आहे, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमच्या प्राचीन रसवैद्यांनी अभ्रकाकडे फार बारकाईने पाहिले होते, हे प्रथम सांगितले पाहिजे. पारद हे शिवाचे तेज आणि अभ्रक हे गौरीचे, अशी त्यांची कल्पना. पण केवळ कल्पनेवर ते थांबले नाहीत. अभ्रक अग्नीत टाकले असता ते कसे वागते, यावरून त्यांनी त्याचे चार प्रकार केले. जे तापताच पाने उलगडते ते पिनाक, जे सापासारखा फूत्कार करते ते नाग, जे बेडकासारखे उड्या मारते ते मंडूक, आणि जे अग्नीतही तसेच निश्चल राहते ते वज्र. औषधाला घ्यावयाचे ते हे वज्राभ्रक. भस्माच्या गुणांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु या परीक्षेत निरीक्षणाचा जो प्रामाणिकपणा आहे, तो कोणत्याही काळातल्या शास्त्रज्ञाला शोभेल असा आहे. पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरून राहिलेले असले तर त्याची तापून वाफ होते आणि ती पाने फुलविते, फाडते, आवाज करते. ज्याचे पापुद्रे घट्ट आणि कोरडे, ते शांत राहते. वैद्यांनी बेडूक आणि साप यांची नावे दिली. आज आपण वाफेचे नाव देतो. दोघांनी पाहिले ते एकच.

माझ्याकडे आलेला दावा असा होता. आमच्याच भागातील एका कुटुंबाचे आजोबा तरुणपणी कलकत्त्यास जाऊन अभ्रकाच्या व्यापारात शिरले आणि १९३८ साली त्यांनी हजारीबाग जिल्ह्यातील एका जमीनदाराकडून तीस वर्षांच्या मुदतीचा खाणपट्टा घेतला. आजोबांच्या मागे दोन शाखा झाल्या आणि शाखांच्या मागे संशय आला. खाणीचे काही मोल शिल्लक असून दुसरी शाखा ते लपवीत आहे, असे प्रत्येक शाखेला वाटू लागले. दोन सख्ख्या चुलतभावांत बारा वर्षे बोलणे नव्हते. देवळातल्या पालखीलाही एक जण उजव्या बाजूने चालला तर दुसरा मुद्दाम डाव्या बाजूने चाले. कागदपत्रांवरून काही उलगडेना, तेव्हा थोरल्या शाखेने मला जागेवर जाऊन पाहून येण्याची विनंती केली. धाकट्या शाखेच्या वकिलांनीही, माझे लेखी निवेदन दोन्ही पक्षांना द्यावयाचे या अटीवर, संमती दिली. अशा रीतीने काही वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात हावडा-गया लोहमार्गावरील कोडरमा स्थानकावर मी उतरलो.

तो पट्टा करून दिला तेव्हा तेथे बिहार प्रांत होता. आज तेथे झारखंड आहे, आणि कोडरमा हा स्वतंत्र जिल्हा आहे. प्रदेशाची नावे बदलली तरी खडकाचा पट्टा आहे तेथेच आहे. गया-नवादापासून कोडरम्यावरून गिरिडीह आणि जमुईकडे सुमारे दीडशे किलोमीटर लांब आणि वीस-पंचवीस किलोमीटर रुंद असा हा अभ्रकाचा टापू पसरला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या टी. एच. हॉलंड यांनी १९०२ साली भारतातील अभ्रकावर जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यात या टापूचे सविस्तर वर्णन आहे. मजबरोबर एक निवृत्त भूवैज्ञानिक गृहस्थ आले होते. वयाने सत्तरीच्या पुढचे, हातात एक लहान हातोडी आणि खिशात चाकू, एवढीच त्यांची सामग्री. सालवृक्षांच्या जंगलातून वर चढताना वाटेवरची मातीच चमकू लागली. आमच्याकडच्या ओहोळांच्या वाळूतही उन्हात चमकणारे बारीक पापुद्रे दिसतात. पण येथे सबंध पायवाटच कोणी चांदीचा वर्ख शिंपडून सारवली आहे की काय, असे वाटत होते.

खाण म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी. डोंगर पायरीपायरीने उघडा करावयाचा आणि लाल माती वाहून न्यावयाची. येथे तसे काही नव्हते. एक उभी, अरुंद घळ जमिनीत उतरत गेली होती. तिच्या एका बाजूस काळपट, पानापानांचा शिस्ट खडक, दुसऱ्या बाजूस तसलाच, आणि मधे पांढऱ्या-गुलाबी दगडाची शीर. तळाशी हिरवे पाणी साचले होते. "वकीलसाहेब," म्हातारबुवा म्हणाले, "घर जुने आहे, आणि पाहुणा मागाहून आला आहे. हा काळा खडक घर. ही पांढरी शीर पाहुणा. तिला आम्ही पेग्माटाइट म्हणतो. साऱ्या अभ्रकाची मालकी या पाहुण्याकडे."

त्यांनी पुढे जे समजाविले ते माझ्या शब्दांत सांगतो. पृथ्वीच्या पोटात ग्रॅनाईटचा तप्त रस हळूहळू गोठू लागला की नेहमीची खनिजे आधी आकार घेतात. ज्या द्रव्यांना त्या स्फटिकांत जागा मिळत नाही, ती उरलेल्या रसात साचत जातात. पाणी, बोरॉन, फ्लोरीन, फॉस्फरस, बेरिलियम, लिथियम, नायोबियम, टँटलम, युरेनियम अशी ती द्रव्ये. आपल्या घरी खडीसाखर धरताना स्फटिक जमून गेल्यावर तळाशी जो पाक राहतो, त्यात सर्व वेचक अशुद्धी गोळा झालेली असते, तद्वत्. हा उरलेला पाक पाण्यामुळे आणि त्या हलक्या द्रव्यांमुळे पातळ असतो. आजूबाजूच्या खडकातील भेगांत तो सहज शिरतो. पातळ असल्यामुळे त्यात द्रव्यकण मोकळेपणाने हिंडू शकतात आणि थोड्या केंद्रांभोवती येऊन जमतात. म्हणून पेग्माटाइटचे स्फटिक प्रचंड होतात. ग्रॅनाईटमध्ये जे अभ्रक मोहरीएवढे, ते येथे परातीएवढे. ग्रॅनाईटला ज्याची गरज नव्हती त्याचेच हे भांडार आहे, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटली.

त्या शिरेतही एक व्यवस्था आहे. अगदी कडेला, जेथे थंड खडकाशी स्पर्श झाला तेथे, बारीक कणांची साय. तिच्या आत फेल्स्पार आणि अभ्रक. आणि गाभ्यात निव्वळ पांढरी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ. अभ्रकाचे गठ्ठे बहुधा भिंतीजवळच्या थरात किंवा गारगोटीच्या गाभ्याच्या काठाने सापडतात. भूशास्त्राचे पुस्तक न उघडलेल्या जुन्या खाणकामगारांना हे ठाऊक होते. गारगोटी सोडावयाची आणि तिची कड धरून चालावयाचे, हा त्यांचा नियम. त्या घळीचा वेडावाकडा आकार म्हणजे त्यांच्या त्या चालण्याचा आलेखच होता. सरळ रेषेत कोणी खणले नव्हते. जिकडे अभ्रक गेले तिकडे माणूस गेला.

खाणीच्या तोंडाशी टाकाऊ दगडांचा मोठा ढीग होता. त्या ढिगावर बसून मला खनिजांचा पहिला धडा मिळाला. जे नखाने ओरखडते आणि पापुद्र्यांत सुटते ते अभ्रक. फिक्कट, पारदर्शक आणि जाड थरात माणकासारखी लालसर झाक देणारे ते मस्कोव्हाइट. कोडरम्याचे हे अभ्रक त्या झाकेमुळेच जगाच्या बाजारात 'रुबी' नावाने ओळखले गेले. काळे ते बायोटाइट. चाकूला दाद न देणारा, दोन दिशांनी सपाट फुटणारा मांसल गुलाबी दगड तो मायक्रोक्लीन फेल्स्पार. तो कुजून त्याची पांढरी चिनी माती होते, तीही तेथे होती. काळ्या, लांब रेघा असलेल्या कांड्या त्या टूर्मलीनच्या. त्यांत बोरॉन असते. डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल कण म्हणजे गार्नेट, आपला तामडा. मग त्यांनी दोन हिरवट, षट्कोनी खुंट्या माझ्या हातावर ठेवल्या. "यांतला कोणता कोण?" मला दोन्ही सारख्याच दिसल्या. त्यांनी चाकूचे टोक लावले. एकीवर रेघ उठली. ती ॲपेटाइट, फॉस्फरसची धनीण. दुसरीवर चाकू नुसता घसरला. ती बेरिल. पन्ना आणि समुद्रवर्णी बेरूज ही याच बेरिलची रत्नरूपे. बेरिल हा पाश्चात्त्य शब्दच आपल्या वैडूर्यापासून, त्याच्या प्राकृत रूपाच्या वाटेने, ग्रीक भाषेत गेला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपण ज्याला इंग्रजी नाव समजतो तो माहेरी आलेला पाहुणा निघावा, याची मौज वाटली.

सर्वांत सुंदर पाठ मात्र अभ्रकाचाच. खाणीच्या भाषेत त्याच्या अखंड स्फटिकाला पुस्तक म्हणतात. मला ती पोथी वाटली, कारण तिची पाने शिवलेली नसतात, नुसती एकावर एक ठेवलेली असतात. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या दोन जाळ्या, त्यांच्या मधे ॲल्युमिनियम, असा एकेक घट्ट थर असतो. आणि अशा दोन थरांच्या मधे पोटॅशियमचा एक विरळ पदर. थराच्या आतले बंध बळकट, आणि थराथरांमधला बंध दुबळा. म्हणून ते आडवे फाडता येत नाही, पण उलगडता मात्र हवे तितके येते. म्हातारबुवांनी एका पानावर बोथट सुई ठेवून हलकेच ठोका दिला. सहा किरणांची एक नाजूक चांदणी उमटली. आतल्या रचनेत जी षट्कोनी शिस्त आहे ती एका ठोक्यासरशी पृष्ठभागावर साक्ष देऊन गेली. साक्षीदाराला योग्य जागी योग्य तेवढाच धक्का द्यावा लागतो, हे आम्हां वकिलांना अनुभवाने ठाऊक असते. खडकालाही तोच न्याय लागू असावा, याचे हसू आले.

या पोथीचे वय किती? याच टापूत, गया जिल्ह्यातील सिंगर येथील पेग्माटाइटमध्ये युरेनियमचे खनिज सापडले होते. युरेनियम ठराविक वेगाने झिजत जाऊन त्याचे शिसे होते. त्या शिशाचे प्रमाण मोजून आर्थर होम्स आणि त्यांचे सहकारी लेलंड व नायर यांनी १९५० साली त्याचे वय सुमारे साडेपंच्याण्णव कोटी वर्षे ठरविले, चार कोटी इकडे किंवा तिकडे. आमच्या मुदतीच्या कायद्यात जमिनीच्या ताब्याच्या दाव्याला बारा वर्षे आणि सरकारला तीस वर्षे मिळतात. तीस वर्षे हा आम्हांला अनंतकाळ वाटतो. परंतु आपण देवापुढे संकल्प सोडताना ज्या मन्वंतराचा सहज उच्चार करतो, त्या एका मन्वंतराचा काळ तीस कोटी वर्षांहून अधिक आहे. तीन मन्वंतरे लोटली एवढे या अभ्रकाचे वय. पुराणांत आधुनिक शास्त्र होते असे यावरून मी सुचवीत नाही. एवढेच म्हणतो की, अशा संख्येपुढे आपली जीभ अडखळण्याचे कारण नाही. तिला त्यांची सवय आहे.

अशा या वस्तूचे मानवी वैभव मात्र फार थोड्या वर्षांचे. अभ्रक वीज वाहू देत नाही, पाचशे अंशांच्या उष्णतेलाही विटत नाही, आणि कागदाहून पातळ होऊनही आपला गुण सोडत नाही. म्हणून विजेची यंत्रे, नभोवाणीचे संच, विमानांची इंजिने यांना ते अपरिहार्य झाले. दोन्ही महायुद्धांत या टापूतले अभ्रक समुद्रापलीकडे गेले आणि दीर्घकाळ पत्री अभ्रकाच्या पुरवठ्यात भारतच अग्रेसर राहिला. त्या वैभवाचे खरे रहस्य यंत्रात नव्हते, हातांत होते. विळ्याने कडा छाटणारे पुरुष, आणि चाकूच्या टोकाने इंचाच्या सुमारे हजाराव्या भागाइतके पातळ पान सोडविणाऱ्या स्त्रिया, हे काम त्यांच्याइतक्या सफाईने करील असे यंत्र निघाले नाही. पुढे नभोवाणीतील निर्वात नळ्या गेल्या, अभ्रकाच्या भुग्याचाच कागद बनू लागला, आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला तेव्हा एक मोठे गिऱ्हाईक गेले. त्याआधीच १९८० च्या वनसंरक्षण कायद्याने जंगलातल्या पट्ट्यांना केंद्राच्या संमतीवाचून मुदतवाढ मिळेनाशी झाली होती. आमच्या आजोबांच्या पट्ट्याची मुदत १९६८ साली वीस वर्षांनी वाढली होती. १९८८ साली ती संपली ती संपलीच. दोन शाखा ज्यासाठी भांडत होत्या ते मोल त्या हिरव्या पाण्याखाली केव्हाच बुडाले होते.

पण मोल खरोखरच संपले होते काय? मी ज्या ढिगावर बसलो होतो, त्याच ढिगाच्या उतारावर एक बाई आणि तिच्याबरोबर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी लोखंडी खुरप्याने माती उकरून अभ्रकाचे तुकडे टोपलीत टाकीत होत्या. या तुकड्यांना तिकडे ढिबरा म्हणतात. जे एके काळी टाकून दिले गेले, ते आता भुकटी होऊन रंगांत आणि सौंदर्यप्रसाधनांत जाते. अशाच अनधिकृत खड्ड्यांत आणि ढिगांत दबून मेलेल्या मुलांच्या बातम्या २०१६ साली वृत्तसंस्थांनी जगापुढे आणल्या होत्या, त्या मी वाचल्या होत्या. वाचणे निराळे, आणि टोपलीशेजारी बसणे निराळे. मी वकील आहे असे कळल्यावर बाईने टोपली खाली ठेवली आणि आपल्या बोलीत विचारले, "बाबू, मग सांगा, हे कोणाचे?" मी म्हटले, "कायद्याने सरकारचे." ती म्हणाली, "सरकार वेचायला तर कधी आले नाही." आणि पुन्हा उकरू लागली. मुलगी आमच्याकडे पाहात होती. तिच्या केसांत, भुवयांत, पापण्यांत अभ्रकाचा चुरा चमकत होता.

माझे उत्तर कायद्याच्या दृष्टीने बरोबरच होते. परंतु त्या उत्तराच्या पोटात किती पापुद्रे आहेत, हे परतल्यावर कागद चाळताना दिसू लागले. मूळ पट्टा जमीनदाराने दिला. १९५० च्या बिहार भूमिसुधारणा कायद्याने जमीनदार गेला आणि राज्य मालक झाले. १९४६ साली निर्यातीच्या अभ्रकावर कर बसवून खाणकामगारांच्या कल्याणाचा निधी निघाला. १९४७ च्या बिहार अभ्रक कायद्याने अभ्रक जवळ बाळगण्यास आणि विकण्यास परवाना लागू लागला. हेतू चोरी थांबविण्याचा. पट्ट्यात लिहिले होते ते फक्त अभ्रक. १९६० च्या खनिज नियमांप्रमाणे पट्ट्यात नसलेले खनिज सापडले तर साठ दिवसांत कळवावयाचे आणि परवानगीवाचून त्याला हात लावावयाचा नाही. शेजारची बेरिलची खुंटी तर आणखी निराळ्या कक्षेत. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने बेरिलियम विहित पदार्थांत मोजलेले. म्हणजे एकाच वीतभर दगडात तीन कायदे नांदत होते, आणि निसर्गाला मात्र त्यांची खबर नव्हती. त्याने सर्वांना एकाच पाकात गोठविले होते.

गंमत पुढेच आहे. २०१५ साली अभ्रक, फेल्स्पार, क्वार्ट्झ ही सारी गौण खनिजे ठरली, आणि वाळू-मुरमाच्या पंक्तीला जाऊन बसली. मी त्या ढिगावर बसलो होतो तेव्हा अभ्रक असे गौण होते. २०२३ च्या दुरुस्तीने बेरिल, लिथियम, नायोबियम, टँटलम यांची खनिजे अणुखनिजांच्या यादीतून निघून महत्त्वाच्या आणि सामरिक खनिजांच्या यादीत आली. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये अभ्रक, फेल्स्पार, क्वार्ट्झ आणि बराईट यांना पुन्हा प्रधान खनिजांचा मान मिळाला. कारण उघड आहे. विजेच्या गाड्यांना आणि नव्या यंत्रांना जी दुर्मिळ द्रव्ये हवीत, ती याच पेग्माटाइटच्या कुशीत अभ्रकाच्या शेजारी वसतात. शेजाऱ्याच्या भाग्याने अभ्रकाची प्रतिष्ठा परत आली. कायद्याने जे आज मान्य केले ते त्या म्हातारबुवांच्या हातोडीला आधीपासून ठाऊक होते, की ही खनिजे एका कुळातली आहेत आणि त्यांची वाटणी होत नाही.

परंतु या सर्व उलथापालथीत टोपलीतल्या ढिबऱ्याचे काय झाले? २०१५ च्याच दुरुस्तीने खाणींमुळे बाधित झालेल्या लोकांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने निघाली. त्यांत पट्टेदार स्वामित्वशुल्काच्या प्रमाणात भर घालतो. जेथे पट्टाच उरलेला नाही, तेथे शुल्क नाही, आणि जेथे शुल्क नाही, तेथून निधीत भरही नाही. म्हणजे जुन्या खाणीच्या ढिगावर जगणारे माणूस खाणीची सारी धूळ खाते. पण खाणकामगार म्हणून त्याची नोंद नाही, बाधित म्हणून त्याच्या नावावर काही जमा नाही, आणि नाव कोठे येत असेल तर विनापरवाना वेचणारा म्हणून. खनिजाला दर्जा आहे, आणि तो वर-खाली होतो. वेचणाऱ्याला दर्जाच नाही.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात जुन्या निधींचा आणि भूमीतील धातूंचा अर्धा भाग राजाचा, असे सांगून त्याची कारणे दिली आहेत. तो भूमीचा अधिपती आहे हे एक, परंतु त्याआधी घातलेले कारण असे, की तो रक्षण करतो. कौटिल्याने खाणींवर आकराध्यक्ष नेमला आणि राज्याच्या कोशाचा उगम खाणींत सांगितला, त्यामागेही राज्याचे हेच कर्तव्य गृहीत आहे. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या एका निर्णयात निसर्गसंपत्तीच्या बाबतीत राज्याला विश्वस्त म्हटले, आणि २०१४ साली गोव्याच्या लोहखनिजाच्या प्रकरणात विक्रीच्या उत्पन्नाचा दशांश पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला. मनूपासून न्यायालयापर्यंत तात्पर्य एकच. भूमीच्या पोटातील धनावरचा हक्क रक्षणातून येतो, आणि रक्षण थांबले की तो हक्क पोकळ होऊ लागतो.

ही गोष्ट देवस्थानाशी संबंध असलेल्या वाचकांना निराळी समजावून सांगावी लागू नये. आपल्या देवळाची मालमत्ता देवाची. कायदाही देवाला व्यक्ती मानतो. महाजन, मुखत्यार हे नुसते राखणारे. १९३३ च्या महाजनीच्या नियमावलीपासून आजपर्यंत या विषयावर आपल्याकडे वाद पुष्कळ झाले. पण 'मालमत्ता माझी' असे म्हणण्याचे धाडस कोणत्याही महाजनाने उघडपणे केलेले मी ऐकले नाही. त्याला लोक एवढेच विचारतात, की नैवेद्य वेळेवर होतो ना, समई विझत नाही ना, आणि देवळाच्या सेवेत असलेल्या घरांची चूल पेटते ना. मालकी सांगणाऱ्याला हिशेब एकदाच द्यावा लागतो. राखणाऱ्याला तो रोज द्यावा लागतो. खाणीचा मालक म्हणविणाऱ्या राज्याला, पट्टेदाराला आणि त्या चमकेवर व्यापार करणाऱ्या दूरदूरच्या कंपन्यांनाही हाच प्रश्न विचारला पाहिजे: ढिगावरच्या त्या घरची मुलगी शाळेत आहे ना? तिच्या आईच्या टोपलीला परवाना, वजन आणि रास्त भाव आहे ना? अवघड असे यात काही नाही. वेचणाऱ्यांच्या सहकारी संस्थांना जुने ढीग रीतसर द्यावेत, खड्ड्यांत उतरण्यास बंदी असावी, आणि मुलांना त्या जागी पाऊल ठेवू देऊ नये. यासाठी नवे तत्त्वज्ञान लागत नाही, राखणदाराची बुद्धी लागते.

दाव्याचे काय झाले, हेही सांगतो. माझे निवेदन दोन्ही शाखांना मिळाले. लपविलेले धन कोठेच नव्हते, हे एकदा कागदावर आले, तेव्हा इतक्या वर्षांच्या संशयाला बसावयास जागा उरली नाही. आजोबांच्या कलकत्त्याच्या पेढीतून आलेली एक लाकडी पेटी तेवढी शिल्लक होती. तीत अभ्रकाची सहा-सात पुस्तके, टूर्मलीनच्या कांड्या आणि एक बेरिलची खुंटी. ती कोणी घ्यावी यावर क्षणभर पुन्हा ताण आला. शेवटी ती गावातल्या शाळेला द्यावी, असे धाकट्यानेच सुचविले, आणि थोरल्याने मान हलविली. तडजोडीच्या अर्जावर सह्या झाल्या. दोघे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या एकाच बाजूने उतरले.

ती पेटी आता शाळेच्या कपाटात आहे. मुले पुस्तके उघडतात, पाने सोडवून पाहतात, नखाने ओरखडतात. त्यांच्या गुरुजींना मी एकच विनंती केली आहे. हे कोणत्या खडकात होते ते मुलांना जरूर सांगावे, त्याचे वय सांगावे, आणि त्याबरोबर ते वेचणारे हात त्यांच्याच वयाचेही असतात, हेही सांगावे.